कुंपणावरचं सीमोल्लंघन

माहिती देण्याची मला वाईट खोड आहे. मी मूळचा पुण्याचा, आणि त्यात लॉकडाऊन. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या घरात ऐकणारी माणसं दोनच, बायको आणि मुलगी. दोघींनी हेडफोन लावायला सुरुवात केल्यावर मी मागच्या कुंपणाकडे वळलो.

कुंपणापलीकडे एक आर्मेनियन बाई एकट्याच राहायच्या. सत्तरीच्या, ठणठणीत, आणि माझं सगळं ऐकून घेणाऱ्या. त्या वर्षी त्यांच्या देशाचं शेजारच्या अझरबैजानशी युद्ध जुंपलं होतं, काराबाख नावाच्या फुटून निघालेल्या डोंगराळ भागावरून. तिथल्याच एका गावात त्यांची धाकटी बहीण होती. रोज तिचा फोन येऊन गेला की बाई हात हलवून मला ओरडून सांगायच्या, "ऑल गुड, मेट!"

दसऱ्याला मी झब्बा घालून मागे गेलो. मेलबर्नमध्ये आपटा कुठून आणणार? बाईंच्याच लिंबाची फांदी आमच्याकडे झुकली होती, तिचं पान तोडून मी त्यांनाच दिलं. "हे सोनं," म्हणालो आणि लागलो सांगायला. आज सीमोल्लंघन, पूर्वी आमच्याकडे याच दिवशी सीमा ओलांडून सैन्यं लढाईला निघायची. घोडे, तलवारी, मोहिमा, सगळं अगदी रंगवून.

बाईंनी पान मुठीत घेतलं. "बहिणीचा चार दिवस फोन नाही," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"अरे, जिची बहीण बॉम्बखाली आहे तिला तू मोहिमा सांगतोस?" बायको म्हणाली. "जा, सॉरी म्हण. आणि प्लीज, शॉर्टमध्ये."

शिरा घेऊन गेलो. दार उघडलं नाही, आतून फक्त "नो वरीज" ऐकू आलं. वाटी पायरीवर ठेवून परत आलो. मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभा राहायचो. त्यांच्या स्वयंपाकघराचा पडदा खालीच असायचा. त्या बहिणीला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण तिची फार काळजी वाटायची.

आठवड्याने हाक आली, "मेट! मेट, लवकर ये!"

धावलो. बाईंनी फोन कुंपणावर उंच धरला होता. त्यात लोकरी टोपी घातलेली, त्यांच्यासारख्याच नाकाची एक बाई.

"आर्मेनियात पोचली, येरेवानला! कुणाच्या तरी ट्रकमधून. घर गेलं, पण ती आली. बॉर्डर ओलांडून, तू म्हणाला होतास तशी." मग डोळे पुसत म्हणाल्या, "तिलाही गोल्ड दे."

मी लिंबाचं चांगलं मोठं पान तोडून फोनसमोर धरलं. बहिणीने पलीकडून चिमूट पुढे करून ते घेतल्यासारखं केलं आणि काहीतरी विचारलं. मग बाई तिला त्यांच्या भाषेत सांगू लागल्या, हातवारे करत, बराच वेळ. त्यात माझे घोडेही असावेत, कारण एकदम दोघी बहिणी खदखदून हसल्या.

मी मात्र हातात पान धरून, आयुष्यात पहिल्यांदाच, गप्प उभा राहून ऐकत होतो.