दादाने पाठवलेले हेडफोन

मी भावाला सांगितलं होतं, महिनाभर ये. त्याने हेडफोन पाठवले.

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत ते आणि मी. मी घरून ऑफिसचं काम करते आणि ते पलंगावरून हाका मारतात. पाणी, पंखा, उशी, आणि पुष्कळदा उगीचच. एक महिना तू सांभाळ, मला झोपू दे, एवढंच माझं मागणं होतं. अमेरिकेहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून खोका आला. आत भलेमोठे हेडफोन, त्याचेच वापरलेले.

"तुला जरा शांतता मिळेल गं," दादा म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी लावून पाहिले. फोनला जोडले तर गाणं शेजारच्या बिल्डिंगमध्ये चालल्यासारखं.

"अगं, नुसत्या फोनवर नाही चालायचे ते. त्यांना पॉवर जास्त लागते. मधे अ‍ॅम्प्लिफायर हवा!" नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

एरवी दादाचा रविवारचा फोन म्हणजे, "बाबा, बरे आहात ना? औषधं घ्या," की संपला. त्या रविवारी तो तासभर बोलला. इम्पीडन्स म्हणजे काय, मिलिवॅट किती लागतील, फोनला लटकणारा चिमुकला अ‍ॅम्प घ्यावा की टेबलावर ठेवायचा. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला फार आवडतं. मी बाबांना भरवत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या उशाशी ठेवला होता. बाबांनी सगळा भात खाल्ला, नंतर एक हाक मारली नाही, आणि डोळे मिटून मुलाच्या तोंडून इम्पीडन्स ऐकत पडले.

तेव्हाच ठरवलं, अ‍ॅम्प लवकर निवडायचा नाही.

दादाला दाखवायला म्हणून शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून अंधेरीच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने दोन अ‍ॅम्प लावून दिले. दुसऱ्यावर तबला वाजला तो बोटांसकट ऐकू आला.

"मॅडम, हाच घ्या, विषय संपला," तो म्हणाला.

विषय संपवायचाच तर नव्हता. घरी येऊन दादाला सांगितलं, "दुसऱ्याचा आवाज जरा चिरका वाटला रे."

"चिरका? शक्यच नाही!" त्या चिरकेपणावर दोन रविवार गेले. मग मी नवी शंका काढली, तो तापतो का? मग आणखी एक, आमच्याकडे व्होल्टेज कमीजास्त होतं, त्याचं काय? बाबांच्या आजाराबद्दल त्याने डॉक्टरांना एवढे प्रश्न कधी विचारले नाहीत. मधूनच मी विचारून बघायची, "येतोस कधी?"

"बघतो गं, सुट्टीचं जरा... ते जाऊ दे, तू आवाजाचं बटण कुठवर फिरवलं होतंस?"

शेवटी तो वैतागला. "तुझ्याच्याने काही ठरायचं नाही," म्हणाला आणि त्यानेच मागवून टाकला. दारात खोका आला, दुकानातला तोच दुसरा अ‍ॅम्प. पुढच्या रविवारी, "बाबा, बरे आहात ना? औषधं घ्या." त्याच्या पुढच्या रविवारी फोनच नाही.

त्या दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर मी हेडफोन लावले. आवाज सुरेख होता, खोटं कशाला बोलू? पण हेडफोनची मागची बाजू उघडी, नुसती जाळी. बाहेरचं सगळं आत येतं. पहिल्यांदा घरी लावले तेव्हा गाणंच धड ऐकू येत नव्हतं, आणि दुकानातल्या बंद खोलीत ते लक्षात आलं नव्हतं. आणि हे म्हणे माझ्या शांततेसाठी! दादाच्या घरात हाक मारणारं कुणी नाही, त्याला कुठून सुचणार? गाणं रंगात आलं होतं आणि त्यातून स्वच्छ ऐकू आलं, "गे बाय!"

हेडफोन गळ्यात अडकवूनच आत गेले.

"त्येचो फोन नाय इलो?" बाबांनी विचारलं.

"नाही. अ‍ॅम्प घेऊन झाला ना आता, कशाला करील तो?" जिभेवर होतं नव्हतं ते कडू सगळं त्यांच्यावर ओतलं.

बाबांनी चालता हात माझ्या हातावर ठेवला.

"दुसरा कायतरी बिघडला म्हणान सांग त्येका," ते म्हणाले.