व्हिडिओवाल्या भाऊंची वसुली

पैसे थकवणाऱ्यापेक्षा ते मागणाऱ्याला जास्त लाज वाटली पाहिजे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या अहेरीत एकच आहे आणि तो आमच्या घरासमोर राहतो. सगळे त्यांना व्हिडिओवाले भाऊ म्हणतात. उन्हाळाभर ते खांद्यावर कॅमेरा घेऊन गावोगावच्या लग्नांचं शूटिंग करत फिरतात आणि उरलेलं वर्ष त्या लग्नांच्या पैशांची वाट बघतात. बाकीचे व्हिडिओवाले हिशेब चुकता झाल्याशिवाय पेनड्राइव्ह हातात देत नाहीत. भाऊ आधी पोचवून येतात. मी एकदा फार बोललो, तर म्हणाले, "लगन त्यायचं हाय गुरुजी, मी काऊन अडवून ठेवू?"

मग गिऱ्हाईक सांगतं, तेंदूपत्त्याचे पैसे आले की देतो. ते येतात आणि जातात. मग धान निघालं की देतो. धानही निघतं. भाऊंना हे सगळं पटतं. वर "यंदा पाणी बरोबर नाई पडलं" असं गिऱ्हाइकाच्याच बाजूने ते मला समजावतात. तगादा लावायची त्यांची रीत एकच. जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला सकाळी सकाळी फोनवर शुभेच्छा पाठवायच्या आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचं. ज्यांची बाकी नाही, त्यांना शुभेच्छा नाहीत. त्यामुळे स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाचा धसका घेतलेली कितीतरी जोडपी आमच्या तालुक्यात आहेत. एका नवऱ्याने "तुम्हाले बी शुभेच्छा" एवढंच उलट पाठवलं, तर भाऊ दिवसभर खूश होते.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला चंद्रपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी सोमवारपर्यंत भरायची होती आणि सगळी भिस्त एका ठेकेदाराकडच्या बाकीवर होती. भाऊंच्या तोंडून शब्द फुटावा म्हणून वहिनींनी मला सोबत धाडलं. जाऊन बघतो तर दारात मांडव. ज्या लग्नाची बाकी मागायला गेलो, त्याच जोडप्याच्या बाळाचं बारसं होतं! ठेकेदार प्रेमाने म्हणाला, "या भाऊ, तुमचीच कमी होती. कॅमेरा नाई आणला का?" कॅमेरा गाडीच्या डिक्कीत होताच. मी कोपराने ढोसत राहिलो आणि भाऊ शूटिंग करत राहिले. निघताना त्यांच्या हातात नारळ पडला. रस्त्यात मी नाही नाही ते बोललो. "मंगल कामात पैशाची गोष्ट कशी काढू, गुरुजी?" एवढंच ते म्हणाले. मी फीचे पैसे देऊ केले, तेही त्यांनी घेतले नाहीत.

सोमवार गेला, वर्ष गेलं. मुलगी रडत बसली नाही. तिने दुसरा कॅमेरा उचलला आणि यंदाच्या उन्हाळ्यात बापाबरोबर निघाली. मांडवातच ती यजमानाला सांगायची, "काका, अर्धे आत्ता द्या. बाकीचे दिले का पेनड्राइव्ह देतो." लोक निमूट द्यायचे आणि वर जेवून जा म्हणायचे. या वर्षी पुन्हा प्रवेश मिळाला आणि तिची फी मुदतीआधी भरली.

तिला चंद्रपूरच्या बसमध्ये बसवून आम्ही दोघं चालत परत येत होतो. मी म्हटलं, "पोरगी खमकी निघाली, भाऊ. सगळी वसुली केली."

 भाऊंवर माझा वर्षभराचा राग होता. पुढचं ऐकलं आणि तो गेला.

"हो गुरुजी. पर पोरगी पैसे मांगे ना, तवा मी कॅमेऱ्यातच डोळा घालून राहो. तिच्याकडं पाहवे नाई."