आखाजीचा झोका आणि बारा खोल्यांचं जहाज

जहाजावर झोका कुठे बांधता येईल, असं आत्याने विचारलं तेव्हा फोनवर पलीकडची मुलगी नुसतंच ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली. आवाज नीट येत नसावा असं तिला वाटलं. आत्याने पुन्हा सावकाश विचारलं, “झूला. झूला बांधने को जगह है क्या?” मुलगी हसली आणि म्हणाली, मॅडम, आमच्याकडे मसाज आहे. आत्याने फोन ठेवला.

“हे नको. पुढचं लाव.”

माझी आत्या बेबाबाई भुसावळजवळ दीपनगरला राहते. वीज केंद्राच्या वसाहतीत तिचं सगळं आयुष्य गेलं. नवरा होता तोवर क्वार्टरमध्ये होती. तो गेल्यावर तिने कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटल्या, आणि आता निवृत्त होऊन वसाहतीच्या भिंतीबाहेर दोन खोल्यांत राहते. तिचं माहेर म्हणजे आमचं घर, चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या काठाला. माझे वडील गिरधर हे तिचे एकुलते भाऊ.

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा सोनं घेण्याचा दिवस नाही. तो लेकींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीच्या सासरी जातो आणि तिला घेऊन येतो. माहेरी आल्यावर तिने कामाला हात लावायचा नाही. निंबाला झोका बांधलेला असतो, त्यावर बसायचं, गौराईची गाणी म्हणायची. वर्षभर सासूबद्दल, नवऱ्याबद्दल जे गिळलेलं असतं ते झोका वर गेला की मोठ्याने म्हणता येतं, आणि खाली उभे असलेले कोणी ते मनावर घेत नाहीत.

आजोबा गेल्यावर वडिलांनी हक्कसोडीचा कागद आत्यापुढे ठेवला. शेतातला आपला हिस्सा भावाला सोडला, अशी सही. गावातल्या बहिणी ही सही करतात, चहा पितात, साडी घेऊन परत जातात. आत्या म्हणाली, “चहा पिते. सही नाही करत.” तिने जमीन मागितली नाही, मोजून घेतली नाही, विकायचंही नाव काढलं नाही. फक्त सही केली नाही. त्या वर्षीपासून आमच्याकडून मुराळी गेला नाही.

तरी दर आखाजीच्या आधी ती, नवरा गेल्यानंतरही, हातभर बांगड्या भरून घेते, माहेरी निघालेली बाई भरते तशा. कॅन्टीनमधली तिची जोडीदारीण खातूनबी, मूळची नशिराबादची, एकदा म्हणाली, “कोणासाठी गं एवढ्या? येणार तर कोणी नाही.”

“हात माझे आहेत ना? त्यांच्यासाठी.”

जहाजाचं खूळ गेल्या हिवाळ्यात शिरलं. वसाहतीतल्या एका इंजिनिअरची बायको मोठ्या क्रूझवरून आली होती आणि फोनवर फोटो दाखवत होती. पोहण्याचा तलाव, नाचाचा हॉल, जेवणाची रांग. आत्याने सगळं बघितलं आणि विचारलं, “पाणी किती लांब होतं?”

“आमची खोली अकराव्या मजल्यावर होती ना.”

“मग आमच्या धुराड्यावर चढून तापी बघितलेली काय वाईट?”

घरी आल्यावर मात्र तिने मला फोन केला. मी तेव्हा जळगावला एम. ए. करत होते, रविवारी तिच्याकडे जायचे. “लहान जहाजं असतात का गं? हात खाली सोडला तर पाण्याला लागेल अशी?” असतात, म्हटलं. नदीवरची असतात. ब्रह्मपुत्रेवर आहेत, दहा-बारा खोल्यांची. मग ती म्हणाली, “यंदा आखाजी एप्रिलातच आहे. तेव्हा चालतात का, ते बघ.”

मला तेव्हा कळलं, तिला जहाज नको होतं. तिला आखाजीला जायला जागा हवी होती.

इंग्रजी वाचायचं काम माझं, निवड तिची. आम्ही चार-पाच कंपन्या बघितल्या आणि तिची पद्धत मला हळूहळू कळत गेली. ती फोटो बघतच नसे. खोलीतली गादी सगळीकडे पांढरीच दिसते, म्हणे. ती विचारायची, माणसं किती आणि काम करणारे किती? किनाऱ्यावर उतरायचं कसं? नदीवर धक्का नसतो, जहाज वाळूला लागतं आणि फळी टाकतात. त्या फळीला धरायला कठडा आहे का? जेवण एकाच भांड्यातून सगळ्यांना, की मागितलं तर ज्वारीची भाकरी थापायला चूल मोकळी करून देतील? पाणी कमी असलं आणि जहाज वाळूत रुतलं तर तुम्ही काय करता?

या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण म्हणत, आमचं जहाज रुतत नाही. ती त्यांना खोडून टाकायची. “गिरणेत बैलगाडी रुतते, यांचं जहाज रुतत नाही!”

आणि मग सगळ्यात शेवटी झोक्याचं. एक जण म्हणाला, हो हो, बांधू की. ती त्यालाही नाही म्हणाली. “कुठे बांधणार, ते विचारलं तर त्याला ठाऊक नाही. हो म्हणायची सवय आहे त्याला.”

एका लहान कंपनीत मात्र फोन जहाजावरच्याच माणसाकडे गेला. तो आसामी वळणाच्या हिंदीत म्हणाला, “माजी, जहाज पर झूला नहीं बंधेगा. जहाज हिलता है, झूला भी हिलेगा, आप दीवार पर लगेंगी.” मग थांबून म्हणाला, तिसऱ्या संध्याकाळी आपण ज्या गावाच्या काठाला थांबतो तिथे एक मोठं झाड आहे. मी गावातल्यांना विचारून ठेवतो. दोर तुमचा आणा, आमचे दोर तेलकट असतात. पण एप्रिल म्हणजे आमचा हंगाम संपत आलेला असतो, दुपारनंतर वादळ येतं. आलं तर आम्ही आहे तिथे नांगर टाकतो. मग ते गावही चुकेल आणि झाडही चुकेल. हे चालत असेल तरच पैसे भरा.

आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, “याचं नक्की कर.”

मी वाचलेल्या प्रत्येक लेखात लिहिलं होतं की खोली इंजिनापासून लांबची घ्यावी. आत्याने इंजिनाच्या अगदी डोक्यावरची मागितली. दीपनगरच्या घरघरीत झोपलेली बाई ती. तिथला एखादा वीजसंच बंद पडला की शांततेने तिला जाग येते. शिवाय खालच्या मजल्याला हेलकावा कमी, हे तिने स्वतःच विचारून घेतलं. खातूनबीला फक्त उघडणारी खिडकी हवी होती.

“काचेआड बसून बघायचं तर घरी टीव्ही आहे,” ती म्हणाली.

“तू येणार आहेस?”

“तुला पोहता येत नाही, मलाही येत नाही. बुडायचंच तर ओळखीचं माणूस बरं.”

आत्याचा उजवा गुडघा दुखरा. तेव्हा अंगणात विटांच्या दोन चळतींवर लाकडी फळी टाकून सराव सुरू झाला. खातूनबी एका बाजूला बांबू धरून उभी, आत्या फळीवरून जायची आणि यायची. समोरचे रुपचंदकाका रोज ओट्यावरून ओरडायचे, “बेबाबाई, सर्कशीत भरती होताय का?”

“तिकीट काढा, मग बघा!”

कडक पेटी नको, कापडी पिशवी हवी, कारण ती खाटेखाली सरकवावी लागते. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून गुवाहाटीला एक दिवस आधी पोचणारी गाडी. दोर तेवढा राहिला होता. भुसावळच्या बाजारातून तिने निळा नायलॉनचा घेतला, हाताने ओढून बघितला, आणि चेहरा वाकडा करून पिशवीत टाकला.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. गिरधरची बहीण आखाजी बोटीवर करणार, भावाने दार लावलं म्हणून. पारावर कोणीतरी वडिलांना विचारलंही, “काय नाना, तुमच्या बहिणीला पोहायला येतं का?” वडील त्या दिवशी जेवले नाहीत. आणि आखाजीच्या काही दिवस आधी, आत्या निघायची त्याच सकाळी त्यांनी जीप काढली. मी सुट्टीला घरी होते. “चल,” एवढंच म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा आत्याने बांगड्या भरल्या होत्या. हिरव्या, कोपरापर्यंत नाही, पण बऱ्याच. खातूनबी पिशवीला चेन लावत होती. वडील दारात उभे राहिले. इतक्या वर्षांनी ते त्या दारात आले होते.

“लेवाले उनू तुले,” ते म्हणाले. न्यायला आलोय तुला.

आत्याने पाण्याचा तांब्या भरला, भावाच्या हातात दिला. हे वाक्य ऐकण्यासाठी ती किती आखाज्या बांगड्या भरून बसली होती.

“झोका बांधी ठेवेल शे,” वडील म्हणाले. “तुन्ही वहिनीनी सांजोऱ्या करी ठेव्यात. बठ्ठं तयार शे.” सगळं तयार आहे.

“आनि आज माले गाडी शे.”

“जहाज म्हने! येडी व्हयनी का तू? लोके काय म्हनतीन?”

“लोके म्हनतीन म्हनीसन उना का तू?” लोक म्हणतील म्हणून आलास का तू?

वडील पाणी प्यायले. मग ते जरा नरम आवाजात म्हणाले की जुनं सोडून दे, आखाजी कर, चार दिवस राहा, आणि सहीचं नंतर बघू.

खातूनबीची चेन अर्ध्यावर थांबली. आत्याने तांब्या परत घेतला, जागेवर ठेवला.

“नंतर बघायचं काही नाही, गिरधर,” ती म्हणाली. या वेळी तिने अहिराणी सोडली होती, वसाहतीतल्या साहेबांशी बोलायची तशी बोलली. “सही मी करणार नाही. हे तुला दारात सांगते, झोक्यावरून नाही. झोक्यावरचं तुम्ही मनावर घेत नाही.”

“आज नही उनी तं मी परत येवाव नही,” वडील म्हणाले. आज आली नाहीस तर मी परत येणार नाही.

मला वाटलं आता ती गाडी सोडून देईल. तिने पिशवी उचलली आणि ती त्यांच्या पायाशी ठेवली.

“लेवाले उना ना? मंग चाल. ठेसनलगून पोचाड माले.” स्टेशनपर्यंत पोचव मला.

खातूनबी फिसकन हसली आणि तोंडाला पदर लावला. वडील पिशवीकडे बघत राहिले. रुपचंदकाका ओट्यावर उभे होते, आणखी दोघं-तिघं दारात आली होती. मुराळी दारात आला आणि बहिणीला न घेता गेला, असं परत गावात पोचवायचं नसेल तर एकच रस्ता होता. त्यांनी पिशवी उचलली.

भुसावळच्या वाटेवर जीपमध्ये खातूनबी म्हणाली, “गिरधरभाऊ, जरा हळू. जहाजात उलटी होईल म्हणतात, तुम्ही जीपमध्येच करवाल.”

फलाटावर पिशवी ठेवताना निळ्या दोराचं टोक बाहेर आलेलं वडिलांना दिसलं. त्यांनी ते बोटांत धरलं.

“हे कसाले?”

“झोक्याले.”

“कापी टाकी हात.” हात कापून टाकेल, ते म्हणाले, उठले आणि निघून गेले. मला वाटलं, गेलेच. गाडीची घोषणा झाली तेव्हा ते जिन्यावरून धापा टाकत खाली आले. हातात जीपच्या टपावरचा सोल, म्हणजे जाड सुती दोर होता, केळीचे घड आणि पाइप बांधायचा, घासून मऊ झालेला. त्यांनी निळा दोर काढून स्वतःच्या खांद्यावर टाकला, सोल पिशवीत कोंबला आणि म्हणाले, “फांदीले दोन वेढा दे. गाठ अशी...”

“गाठ माले येस,” आत्या म्हणाली आणि डब्यात चढली. फळीवरच्या सरावाचा उपयोग झाला, तिने खातूनबीचा हातही धरला नाही.

आखाजीच्या दिवशी आमच्या निंबाला जुन्या दोराऐवजी निळा दोर होता. तो खरंच हाताला कापतो. संध्याकाळी आत्याचा फोन आला. आवाजात वारा इतका की अर्धं ऐकू येत नव्हतं. दुपारीच वादळ उठलं, जहाजाने मधेच नांगर टाकला. चारही बाजूंनी नुसती वाळू. झाड चुकलं. खातूनबी खिडकी बंद करायला तयार नाही आणि अंथरूण भिजलंय. मग विचारलं, घरी सांजोऱ्या आहेत का गं?

वडिलांनी माझ्या हातून फोन घेतला.

“झोका नही मंग?”

“नही.”

“मंग काय कमायनी तू एवढं जाईसन?” एवढं जाऊन काय कमावलंस?

या वेळी तिचा आवाज अगदी स्वच्छ आला.

“सही न करता आखाजी केली.”

फोन तुटला. वडील निंबाखाली फोन हातात धरून उभे होते. आईने आतून विचारलं, काय म्हणाल्या बेबाअक्का? ते फोन माझ्याकडे देत म्हणाले, “इचार तिले. सकाळी निंघतीन का? पुढला गावले झाड शे का?”