फाटकावरचे ठिपके

दिल्ली आणि आसपासच्या भागात श्रीमंत आणि गरीब एकमेकांपासून किती फटकून राहतात, हे मोजण्याचा मला पगार मिळतो. कुणाचं उत्पन्न किती आणि घर कुठे, एवढं भरवलं की सॉफ्टवेअर प्रत्येक वस्तीचा एक आकडा काढतं. शून्य म्हणजे सगळे गुण्यागोविंदाने शेजारी शेजारी, एक म्हणजे तुम्ही तिकडे आणि आम्ही इकडे. नकाशावर एकवाले लालभडक दिसतात, शून्यवाले पांढरे.

त्या लालभडक नकाशात पांढरीफटक निघाली ती गाझियाबादमधली आमची सोसायटी.

मी हसत सुटले. आमच्याकडे कामवाल्यांची लिफ्ट वेगळी आहे आणि ती दिवाळीपासून बंद आहे. रहिवाशांच्या लिफ्टवर ‘स्टाफला मनाई’ची पाटी. आमच्या स्वयंपाकाच्या दीदी गुडघा धरून अकरा मजले चढायच्या. ‘‘होली के बाद छोड़ दूँगी, भाभी,’’ असं त्यांनी सांगून टाकलं होतं. माझ्या हातच्या पोळ्या घरच्यांना ठाऊक असल्याने घरावर सुतकी कळा आली होती.

म्हणून मी तो आकडा लगेच सेक्रेटरीसाहेबांच्या कानावर घातला. ‘‘बिल्कुल, हमारा तो कल्चर ही ऐसा है,’’ ते म्हणाले आणि फाटकावर बॅनर लागला: एकोप्यात अव्वल. आता अव्वल सोसायटीत असली पाटी बरी दिसेना, तेव्हा ती त्यांनीच उतरवली. दुसऱ्या दिवशी दीदी लिफ्टने आल्या. कोपऱ्यात अंग चोरून उभ्या होत्या, पण आल्या.

पुढे ऑफिसात तपासणी झाली आणि पांढऱ्या रंगाचं कारण कळलं. सर्व्हेच्या मुलींना रखवालदाराने आत सोडलंच नव्हतं. त्या बिचाऱ्या फाटकाशी खुर्च्या टाकून बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिल्या. साहेब, मॅडम, ड्रायव्हर, कामवाल्या, सगळे. मुलींच्या फोनने सगळ्यांची घरं तिथेच नोंदवली, फाटकावर. कुणाला आत घेत नाही म्हणून आम्ही एकोप्यात पहिले आलो होतो!

‘‘लोकेशन ठीक कर दो यार, फिर रिपोर्ट भेजते हैं,’’ आमचे सर म्हणाले. खऱ्या आकड्याचा रिपोर्ट गेला की बॅनर उतरणार आणि पाटी परत चढणार, हे सांगायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी नकाशावरचा एकेका माणसाचा ठिपका उचलून खऱ्या पत्त्यावर नेत होते. दीदी हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना त्यांचा ठिपका दाखवला. ‘‘ग़लती से गेट पर आ गया था,’’ मी म्हटलं, ‘‘अब नाले के उस पार आपके घर ले जाना है.’’

‘‘फिर लिफ्ट?’’

मला माझ्या कामाची मनापासून लाज वाटली.

दीदी स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, ‘‘भाभी, कंप्यूटर में मुझे यहीं रहने दो ना. शाम को मैं अपने आप चली जाऊँगी.’’

होळी होऊन गेली. दीदी लिफ्टनेच येतात. सर अधूनमधून रिपोर्टचं विचारतात, आणि सॉफ्टवेअर अजून आकडा काढतंय असं मी त्यांना सांगते.