नावानं केलेली आंघोळ

स्वतःचे शब्द जपून वापरणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण दुसऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द हातात धरून, उलटा करून, त्याच्या बुडाला काय चिकटलंय ते पाहणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मावसे. लातूरला कोर्टात त्यांनी सारी नोकरी निकालपत्रांच्या नकला तयार करण्यात घालवली. "एका अनुस्वारानं शेत इकडचं तिकडं जातंय, जावईबापू," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. निवृत्त झाल्यावर निकालपत्रं सुटली, अनुस्वार सुटला नाही. आणि त्यातही पूजापाठातून, लग्नमुंजीतून, दहाव्या-बाराव्यातून उठून व्यवहारात आलेला एखादा शब्द कानावर पडला, की मावसे चहाचा कप खाली ठेवत. कप खाली आला, की मावशी स्वयंपाकघरात निघून जात.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मला नांदेडला नुकतीच नोकरी लागली होती. मी सहज म्हणालो, "येत्या सोमवारी कामाचा श्रीगणेशा करतोय." कप खाली आला.

"पाटी घेतली का?"

"कसली पाटी?"

"श्रीगणेशा करायलाव म्हनलात ना? पाटीवर श्रीगणेशा गिरवून मग अक्षराला सुरुवात करायची, त्याला श्रीगणेशा म्हनतात. बिनपाटीचा कसा करनार?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. संध्याकाळी निघताना त्यांनी बाजारातून आणलेली पाटी आणि पेन्सिल माझ्या पिशवीत ठेवली. ती पाटी अजून आमच्या घरी आहे. गॅसची टाकी कधी लावली ते बायको तिच्यावर लिहून ठेवते.

गल्लीतल्या एका गुरुजींनी एकदा चारचौघांत जाहीर केलं, की आपण तंबाखूला तिलांजली दिली. मावशांनी त्यांना ओट्यावर बसवून घेतलं आणि सांगितलं, की तीळ आणि पाणी ओंजळीतून सोडतात ते मेलेल्या माणसासाठी. "तेव्हा आधी हे सांगा गुरुजी, तंबाखू वारली कधी?" गुरुजी हसले. मावसे हसले नाहीत. गुरुजींच्या सदऱ्याकडं बोट करून म्हणाले, "कारण मला तर ती तुमच्या डाव्या खिशात बरी दिसायलीय." गुरुजींनी खिशावर हात ठेवला आणि तेव्हापासून ते पलीकडच्या गल्लीनं जाऊ लागले.

पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्याचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. बँकेत मोठी रांग होती. खिडकीतला तरुण कारकून वैतागून म्हणाला, "आजोबा, इथं फक्त अंगठा लावा, बाकीचं सव्यापसव्य करू नका." झालं. मावशांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. "सव्य म्हणजे हे," म्हणून तो डाव्या खांद्यावर टाकला. "आणि अपसव्य म्हणजे हे," म्हणून उजव्या खांद्यावर घेतला. "श्राद्धाला जानवं असं इकडून तिकडं, तिकडून इकडं करावं लागतं. ते लई किचकट काम, म्हणून किचकट कामाला सव्यापसव्य म्हनतात. मी ते अजून केलेलं न्हाई. आता केलं." मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला वाटलं, दाखल्यासाठी हेही आता नव्यानं सुरू झालंय. तिनं मुकाट्यानं आपला पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतला. तिच्या मागच्या दोघांनी टोप्या फिरवल्या.

अशा माणसाचं कधीतरी कुणाशी तरी बिनसणार हे ठरलेलंच होतं. बिनसलं ते सख्ख्या थोरल्या भावाशी. अण्णा औशाला शेती करतात. माणूस आडमाप, वजन नव्वद किलो, आवाज या बांधावरून त्या बांधावर जाणारा. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या नातीचं बारसं होतं. आम्ही सगळे गेलो होतो. पाळणा सजला होता, बायका बाळाला या हातातून त्या हातात देत होत्या, जेवणं खोळंबली होती. मावसे उभे राहिले.

"बारसं म्हणजे बाराव्या दिवशी करायचा तो संस्कार. आज पोरीचा पंचेचाळिसावा दिवस हाय. याला बारसं म्हनता येनार न्हाई. पंचेचाळिसं म्हना."

बायका थांबल्या. बाळ रडू लागलं. मावशांनी दिवस मोजून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून अण्णांचा आवाज आला, "अरे, याला कुणीतरी नारळ द्या."

सगळे हसले. मावसे मात्र गोरेमोरे झाले. नारळ देणं म्हणजे मानानं वाटेला लावणं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यातून घोटाळा असा झाला, की पाळण्याजवळ बसलेल्या एका कमी ऐकू येणाऱ्या आत्याबाईंनी ओटीच्या ताटातला नारळ उचलला आणि खरोखरच त्यांच्या हातात दिला. मावशांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि न जेवता बसस्टँडचा रस्ता धरला. मावशी त्यांच्या मागं गेल्या. लातुरात घरी पोचल्यावर नारळ देवापुढं ठेवून ते मावशींना म्हणाले, "आजपासून अण्णाच्या नावानं मी आंघोळ केली."

दुसरा कुणी असं बोलला असता, तर आठ दिवसांनी त्याच भावाकडं आमरस खायला गेला असता. पण मावसे पडले अर्थाचे माणूस. लांबच्या गावी कुणी वारल्याची बातमी आली, की त्याच्या नावानं आंघोळ करतात. म्हणजे आपण जिवंत भावाला मेलेला धरला, हे त्यांना पक्कं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते परत फिरू शकत नव्हते. वर्ष गेलं. मग अण्णा गोठ्यात घसरून पडले, खुबा मोडला, अंथरुणाला खिळले, असा निरोप आला. मावसे गेले नाहीत. त्याच सुमारास मी कामासाठी लातूरला गेलो होतो, म्हणून मी विषय काढला.

"काका, अण्णांना एकदा बघून तरी या."

"कसा जाऊ? मी त्याला मेलेला धरलाय. मेलेल्या माणसाच्या तब्येतीची चौकशी कशी करायची, तुम्हीच सांगा."

"मग शब्द मागं घ्या."

"त्याची पन चौकशी केली," मावसे हळूच म्हणाले. "एका भटजीबुवांना विचारलं. ते म्हनले, मेला असं समजलेला माणूस परत आला तर त्याचा नवा जन्म धरतात. पुन्हा पहिल्यापासून सगळं. जातकर्म, बारसं, मुंज. आता नव्वद किलोच्या अण्णाला मी कोणत्या पाळण्यात घालू?"

मला हसू येत होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं. तेवढ्यात मावशी मागच्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन बाहेर आल्या. लातूरला आमच्या मावशांच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी नळ येतो, आणि नळ आला त्या तारखेवर मावशी हळदीचं बोट लावतात. त्यांनी बारशाची तारीख दाखवली.

"बगा. बोट हाय का इथं?"

मावशांनी चष्मा लावला. "न्हाई. दोन दिवसांनी हाय."

"पिंपात तळाला घागरभर पानी होतं, ते मी प्यायला ठेवलं होतं. तुम्ही त्या दिवशी आल्यावर आंघोळ केलीच न्हाई. पायसुद्धा न धुता गादीवर बसलात."

मावशांनी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. कोर्टातली नक्कल मुळाशी ताडून बघावी तशी प्रत्येक तारीख बोटानं तपासली.

"म्हंजे क्रिया झालीच न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई झाली."

"जावईबापू, औशाची पहिली गाडी किती वाजता हाय?"

सकाळी आम्ही दोघं गेलो. अण्णा ओसरीवर बाजेवर होते. ते नव्वद किलो कुठं गेले होते कोण जाणे. अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा वाटत होता. मावसे उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि रात्रभर जुळवलेलं बोलू लागले, "अण्णा, ते मी आंघोळीचं बोललो होतो, त्याचं असं हाय, की..."

"कशाची आंघोळ?" अण्णा म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते वाक्य लातूरच्या घरात बोललं गेलं होतं आणि ते फक्त मावशींनी ऐकलं होतं.

"तू वर्षभर आला न्हाईस," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, तुझे गुडघे लई दुखायलेत. मी सगळ्यांना तसंच सांगत होतो."

मावसे उंबरा सोडून बाजेजवळ आले. मग म्हणाले, "हाव. लई दुखत होते."

दुपारी मी निघालो तेव्हा त्यांनी मला एकट्यालाच पुढं व्हायला सांगितलं; आपण संध्याकाळच्या गाडीनं येतो म्हणाले. संध्याकाळी काही ते आले नाहीत, चौथ्या दिवशी आले. त्या दुपारी मी वाड्याच्या बाहेर पडताना सहज मागं वळून पाहिलं. मावसे बाजेच्या कडेला बसले होते, चष्मा नाकावर आला होता, अण्णांचा पाय त्यांनी मांडीवर घेतला होता आणि एकेक नख जपून कापत होते. अण्णा छताकडं बघत होते.