खांबावरचा भाऊ

माझा भाऊ सतरा वर्षांचा होता. केस खांद्यापर्यंत, डाव्या कानात बाळी, आणि पहिल्या पीयूसीत, म्हणजे अकरावीत, दोन विषय राहिलेले. आमच्या बसवनगुडीत एखाद्याला वाया गेलेला ठरवायला एवढं भांडवल पुरतं. अप्पांचं ब्लाउजपीस आणि अस्तरांचं दुकान. तिथं आलेलं माणूस कापड चाचपता चाचपता विचारणारच, "पोरगं सुधारलं का हो?" अप्पा म्हणायचे, "छे, तो तसलाच." भाऊ हे मागच्या पायरीवर बसून ऐकायचा. पुढे दोघांचं बोलणंच खुंटलं. निरोप सगळे माझ्यामार्फत.

मी तेव्हा येलहंक्याच्या एका कॉलेजात डिझाइन शिकत होते. आमच्या वर्गाने डॉक्युमेंटरी करायला घेतली, या वयाच्या पोरापोरींवर मारलेल्या शिक्क्यांबद्दल. केस वाढवले की मवाली, गप्प राहिली की घुमी, हसली की चालू! भावाला मीच गळ घातली. कॅमेऱ्यासमोर तो जे बोलला ते घरी कधीच बोलला नव्हता. अप्पांची कंबर धरली होती तेव्हा रोज सकाळी जाऊन शटर तोच उघडायचा, हे त्याने सांगितलं. "पण ते कुणाच्या लक्षात नाही," म्हणाला. शूटिंग आटपल्यावर हळूच विचारलं, "अक्का, अप्पा येतील का गं बघायला?"

"न येऊन सांगतात कुणाला! ओढून आणते," मी म्हटलं. पोस्टर बघून तरी त्यांना यावंसं वाटेल, असं माझ्या मनात होतं. म्हणून ते मी जीव ओतून केलं. मागे आमच्या दुकानातले अस्तरांचे ताके, पिवळे, हिरवे, जांभळे. पुढे भाऊ हसतोय आणि अंगाला चिकटवलेले शब्द एकेक करून सोलून काढतोय.

सरांनी नाक मुरडलं. "हे साडी सेलचं वाटतंय. ब्लॅक अँड व्हाइट कर. शब्द काढून टाक, चेहरा मोठा, फिल्मचं नाव खाली बारीक."

मी म्हटलं, "सर, आमच्या भागात खांबावर असा चेहरा लागतो तो माणूस गेल्यावर."

सर पुण्याकडचे, नवे. हसून म्हणाले, "मग तर लोक थांबून बघतील!" आता काय बोलणार, कप्पाळ? मार्क त्यांच्या हातात. मी रंग काढून टाकले.

डॉक्युमेंटरी आमच्याच भागातल्या एका हॉलमध्ये दाखवणार होते, म्हणून मुलांनी चार दिवस आधी सकाळीच आमच्या कोपऱ्यावरच्या खांबांना पोस्टरचे फ्लेक्स बांधले. दुपारी मी दुकानात अप्पांना मदत करत होते. आमच्या समाजातले एक काका आले. गेल्याच आठवड्यात हेच गृहस्थ "पोराने नाव घालवलं तुमचं" असं ऐकवून गेले होते. आज त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि अप्पांचे हात हातात घेतले.

"कसं हो झालं, अण्णा? गाडीवरनं पडला का? आत्ता खांबावर फोटो बघितला. लाखात एक पोर हो! कधी उलटून बोलला नाही कुणाला."

भाऊ सकाळीच मित्राच्या मोटारसायकलवर बाहेर पडला होता. अप्पांच्या हातातली कात्री गळून पडली. "अप्पा, ते आमचं पोस्टर आहे, पोस्टर!" मी ओरडत होते, पण त्यांच्या कानात काही शिरेना. ते मटकन खाली बसले. "माझं गुणी लेकरू गं," म्हणत कपाळ बडवायला लागले. "शटर तोच उघडायचा गं. मी एकदा धड बोललो नाही त्याच्याशी."

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. मला रडू आवरेना. मी कसाबसा भावाला फोन लावला. "काय गं अक्का?" तो म्हणाला, आणि मी फोन अप्पांच्या कानाला लावला.

अप्पांनी तो आवाज ऐकला. डोळे पुसले. काकांकडे पाहिलं, कात्री उचलली आणि गरजले, "कुठं उंडगतोयस रे गाढवा? आधी ते केस काप!" काकांनीही चपला पायात सरकवल्या आणि जाता जाता म्हणाले, "स्वल्प वळण लावा हो अण्णा त्याला."

संध्याकाळी पायरीवर बसून मी भावाला सगळं सांगितलं. अप्पा त्याला काय काय म्हणाले, शब्द न गाळता. तो नखाने पायरीवरचा चुना खरवडत ऐकत राहिला.

"केव्हा म्हणाले?"

"तू गेलास असं वाटलं तेव्हा."

"सरी, ठीक आहे," तो उठत म्हणाला. "मग मेल्यावर बघू."

मला त्याला धरून ठेवायचं होतं. जमलं नाही. त्या रात्री बघायला या म्हणून मी अप्पांपुढे हात जोडले, पाया पडले. ते "बघू" म्हणाले.

डॉक्युमेंटरीच्या दिवशी मी पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर ओढणी टाकून ठेवली होती. अप्पांनी दुकान बंद केलं नाही. पडद्यावर लांब केसांचा भाऊ शटरचं सांगायला लागला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. केस बारीक कापून आला होता, आणि पडदा सोडून सारखा दाराकडे बघत होता.