वैशालीचा पसंतीक्रम

माकणीच्या धरणात मी धरलेला मासा सास्तुरात पोचला, तेव्हा त्याची शेपटी अजून पाण्यातच होती — हे तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलं असेल. पण आजचं हे कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही. यात फुगवण्यासारखं काही नाही — असतं तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

मी पुण्याच्या त्या नावाजलेल्या कॉलेजात शिकलो, असं सारं सास्तूर समजतं. शिकलो कुठला? मित्राच्या हॉस्टेलच्या खोलीत आठ महिने चोरून राहिलो, रेक्टरनं हाकललं, गावी आलो. लोकांनी विचारलं, तर कॉलेजच्या कमानीचं वर्णन केलं. कमान तर खरी होती ना?

तेव्हापासून इंजिनिअरिंगचे फॉर्म निघाले की पोरं माझ्याकडं. कॉलेजांची यादी, पसंतीक्रम, पासवर्ड — सगळं माझ्या हातात. एका वर्षी शेजारच्या शिवलिंगआप्पांची वैशाली आली. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या गावात वाढलेली पोर. कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवरून हात फिरवायची. म्हणाली, "काका, सिव्हिल पहिलं टाका. कॉलेज जवळचं, साधं असलं तरी चालंल."

मी व्हय म्हणालो. आणि मग — कसं सांगू? — हॉटेलात चार माणसांत आप्पांनी विचारलं, "तुमच्या कॉलेजात न्हाय का लागायची पोरगी?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "आप्पा, जग पाटी बघतंय. पाटीखाली काय शिकला, कोण विचारतंय?"

मला काय माहीत होतं? मी त्या पाटीखालून नुसती ये-जा केलेली.

घरी येऊन मी क्रम बदलला. पुण्याचं कॉलेज पहिलं. तिथं तिच्या मार्कांवर धातुशास्त्र तेवढं मिळत होतं. सिव्हिल दुसरं. पहिली पसंती लागली की तीच घ्यावी लागते, हे मला पक्कं ठाऊक होतं. लागली. सिव्हिलचं काय झालं, असं वैशालीनं विचारलं, तेव्हा म्हणालो, "मार्क कमी पडले गं."

पडले नव्हते. जवळच्या कॉलेजची सिव्हिलची यादी मी बघितली होती; तिच्याहून कमी मार्कांची पोरं लागली होती.

गावात फ्लेक्स लागला. तिच्या फोटोशेजारी माझाही. आता ती पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसते — ना धातू, ना घरं. पगार बरा आहे, असं मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल?

यंदा आप्पांनी वरचा मजला बांधायला काढला. वैशाली सुट्टीला आलेली. मिस्त्रीला म्हणाली, "मामा, हा कॉलम तिरका वाटतोय." त्यानं ओळंबा सोडला. तिरकाच निघाला.

"ताई, तुमी ह्याच्यातच इंजिनिअर व्हायला पायजे होतं की," मिस्त्री म्हणाला.

"व्हायचं होतं," वैशाली हसत म्हणाली. "तेवढी हुशारी न्हवती माझ्यात. मार्क कमी पडले. विचारा काकांना."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.